चादरीचं दुसरं टोक

७ जानेवारी

दादा,

‘प्रिय’ लिहिलं की तू विचारतोस, कुणापेक्षा प्रिय? म्हणून नुसतं दादा. खुशालीही विचारत नाही, कारण तू खुशालच असणार. पंपांच्या सुट्या भागांचं गोदाम, प्रत्येक भागाला नंबर आणि दिवसभर कुणी बोलायला येत नाही. याहून वेगळं तुला काय हवं असतं!

फोन उचलत नाहीस, त्याचा राग नाही. मलाही फोनची धास्तीच वाटते, न विचारता वाजतो मेला. पत्र बरं. आपलं आपण हवं तेव्हा उघडावं.

इकडे सगळं छान चाललं आहे. लाँड्रीत लॉजच्या आणि दवाखान्याच्या चादरी येतात, धुतल्या जातात, त्यांच्या घड्या होतात, व्हॅन भरून परत जातात. तुझे मेहुणे व्हॅन चालवताना अजून शिट्ट्या मारतात आणि आई अजून वरच्या खिडकीतून त्यांना गप्प करते. तुझी भाची मजेत आहे. एकोणिसावं लागलं, पण आनंद झाला की माझी लेक अजून जागच्या जागी गोल फिरते. भिंगरी हे नाव आपण काही उगाच ठेवलं नव्हतं. बॉयलरच्या उजव्या बाजूचा रिलीफ व्हॉल्व्ह गळत होता, तो मी परवा स्वतः पाना घेऊन घट्ट केला. बघ, तुझ्यावाचून काही अडत नाही.

त्या दिवसाचा विषय काढणार नव्हते. पण आई रोज काढते, मग मी एकटीनंच का तोंड शिवून बसायचं? तिचं काय चुकलं हे तिला अजून कळलेलं नाही. भिंगरीचा निदानाचा जुना कागद आता चालत नाही म्हणून आपण तो नवा करून घ्यायला गेलो होतो, तू वाटाड्या म्हणून बरोबर आलास आणि डॉक्टरीणबाईंनी तुझाही जुना कागद हातात घेतला. ‘आता या सगळ्याला ऑटिझम स्पेक्ट्रम एवढंच म्हणतात,’ म्हणाल्या. ‘तुमची पातळी एक, हिची दोन.’ आईच्या डोक्यात पातळी म्हणजे इयत्ता. नात मामाच्या पुढे गेली! तिनं संध्याकाळी केक आणला, शेजारच्या शिंपिणीला एक तुकडा देऊनही आली. ‘मामा-भाची दोघंही पास, आणि पोरगी वरच्या वर्गात.’

मला हसू आवरेना. तुझ्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. मला कळतं रे. आयुष्यभर लोक तुला तिरसट म्हणाले, आगाऊ म्हणाले, चाळिशीत एक शब्द मिळाला, एस्पर्जर, आणि पहिल्यांदा तू रात्रभर शांत झोपलास. त्या शब्दाचं कार्ड करून प्लास्टिकमध्ये घालून पाकिटात ठेवलंस: ‘मला एस्पर्जर आहे. कृपया एका वेळी एकानेच बोलावे.’ तो शब्द सकाळी बाईंनी ‘आता वापरत नाही’ म्हणून बाजूला सारला आणि संध्याकाळी त्याच्यावर केक कापला गेला. चिडायचा तुझा हक्क होता, घर सोडून जायचाही.

पण ‘मी तिच्यासारखा नाही’ हे तू बोलायला नको होतंस. भिंगरीकडे बोट दाखवून तर नकोच होतंस. असो. तिनं काही ऐकलं नाही, ती आपली फिरत होती. तू त्याचा घोर लावून घेऊ नकोस.

तुझी धाकटी

२ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. सगळंच्या सगळं उतरवून काढते, म्हणजे तुला पटेल की नीट वाचलं: ‘रिलीफ व्हॉल्व्ह डाव्या बाजूला आहे. उजव्या बाजूला पाण्याची पातळी दाखवणारी काच आहे. व्हॉल्व्ह गळत असेल तर घट्ट करायचा नसतो, बदलायचा असतो. आजच.’ खाली सही, सहीखाली रेघ.

मी बॉयलरकडे धावले. घट्ट केला होता तो काचेचा नट, आणि व्हॉल्व्ह डावीकडे निवांत गळत होता. आता बदलला आहे. मग जिन्यात बसून मी हसत सुटले. इतके महिने तू बहिणीचा फोन घेतला नाहीस, आणि व्हॉल्व्हसाठी पोस्टात रांगेत उभा राहिलास!

आईला कार्ड दाखवलं. तिनं ते उलटं करून पाहिलं, आपल्यासाठी मागे काही आहे का म्हणून. मग म्हणाली, ‘निदान अक्षर तरी तेच आहे.’ तिचा निरोप असा, की जेवतोस का आणि कुणाशी बोलतोस का. दुसऱ्या प्रश्नाला नाही म्हणालास तरी चालेल, म्हणते.

तर आता मीही या विषयाचा अभ्यास केला आहे. बाईंनी दिलेले कागद वाचले. तुला सांगते, म्हणजे तुझ्याही डोक्यात प्रकाश पडेल. ऑटिझम ही एक शिडी आहे. पहिल्या पायरीवर तू, म्हणजे जवळजवळ काहीच झालेलं नाही. दुसऱ्या पायरीवर भिंगरी, म्हणजे तुझ्या दुप्पट. तिसऱ्या पायरीवरच्यांचं काही खरं नाही. एकदा पायरी ठरली की जन्मभर तीच. भिंगरीच्या जुन्या कागदावर ते पीडीडी-एनओएस होतं ना, ज्याचा अर्थ तूच मला सांगितला होतास, कुठल्याच खणात नीट न बसणारं, तो एक वेगळा आजार. आणि तुझा एस्पर्जर तिसराच. तो आता जगातून नाहीसा झाला, देवीच्या रोगासारखा.

बरोबर आहे ना सगळं?

तुझी धाकटी

२५ फेब्रुवारी

दादा,

मला वाटलं होतं पुन्हा एक कार्ड येईल. आलं जाडजूड पाकीट, आणि पोस्टमननं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला कुणी कोर्टात खेचलंय.

‘शिडी चूक,’ इथून सुरुवात. नमस्कार नाही, चमत्कार नाही. ‘एक, दोन, तीन हे आकडे माणसाचे नसतात. त्याला किती आधार लागतो, त्याचे असतात. तेही दोन बाबतींत वेगवेगळे ठरवतात. इतरांशी देवाणघेवाण ही एक बाब. ठरलेपणाची गरज, तेच ते करणं, आवाजाचा-स्पर्शाचा त्रास, ही दुसरी. एका बाबतीत एक आणि दुसऱ्या बाबतीत दोन असंही असू शकतं. माणूस थकला, जागा बदलली, चांगली मदत मिळाली, की आकडाही बदलतो. दुप्पट हा शब्द इथे निरर्थक आहे. तिसऱ्या पातळीच्या माणसांचं काही खरं नाही, हे तू कुठे वाचलंस ते कळव, मी त्यांना पत्र लिहीन.’

कुठेही वाचलं नाही रे बाबा. पुढे ऐक, म्हणजे तुझंच तू ऐक:

‘एस्पर्जर नाहीसा झालेला नाही. ज्यांना तो होता ते आहेत. मी आहे. ते नाव, भिंगरीचं जुनं नाव आणि नुसतं ऑटिझम, ही नावं आता एका नावाखाली घेतली आहेत, कारण त्यांच्यामधल्या रेघा कुणालाच नीट मारता येत नव्हत्या. त्याच माणसाला एका दवाखान्यात एक नाव मिळायचं आणि दुसऱ्यात दुसरं.’

हे मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं कागद हातात घेऊन स्वतः पाहिला. मग म्हणाली, ‘म्हणजे दोघं एकाच वर्गात? अगं, मग शिंपिणीला मी काय तोंड दाखवू?’

दादा, तूच लिहितोस की रेघ कुणालाच नीट मारता येत नव्हती. मग त्या संध्याकाळी केकच्या ताटाशी उभं राहून तू कुठली रेघ मारलीस?

रागावू नकोस. रागावलास तरी पुढचं वाच, कारण मी तुला थाप मारली होती, आणि ती व्हॉल्व्हसारखी चुकून नव्हती. भिंगरीनं ऐकलं होतं. आणि इकडे सगळं छान चाललेलं नाही.

मोठ्या पलंगाची चादर एकट्यानं घडी होत नाही, हे तुला मी सांगायला नको. दोघांनी दोन टोकांना धरायची, ताणायची, झटकायची, दुमडायची आणि मग चालत जाऊन आपली टोकं समोरच्याच्या हातात द्यायची. तुम्ही मामा-भाची असे, की कुणाचा हात लागला तर दोघांच्याही अंगावर काटा येतो. म्हणून तुम्ही तुमची रीत काढलीत. तिनं टोकं घेऊन यायचं आणि चिमटीत उभी धरायची, तू ती वरून उचलून घ्यायचीस, बोटाला बोट लागायचं नाही. मग ती वाकून खालची घडी उचलायची. एक शब्द नाही, एक सुरकुती नाही. लॉजचा मॅनेजर एकदा बघत उभा राहिला होता, आठवतं? त्याला वाटलं होतं तुम्ही कुठे शिकून आलात.

आता रोज सकाळी भिंगरी ढिगातली वरची चादर काढते, दोन टोकं धरते आणि टेबलाच्या तुझ्या बाजूकडे बघत उभी राहते. मी जाऊन पलीकडची टोकं धरली, की ती म्हणते, ‘मी तिच्यासारखा नाही.’ तुझ्या आवाजात. ‘नाही’वर तू मान झटकलीस, त्या झटक्यासकट. तिचे बाबा टोकं धरायला पुढे झाले तरी तेच. मग ती टोकं सोडून देते आणि चादर जमिनीवर पडते. मोठ्या चादरी आम्ही नवरा-बायको व्हॅनच्या मागच्या दारात घडी करतो, ती दिसणार नाही अशा जागी. घड्या कशा होतात ते विचारू नकोस.

तिचं बोलणं तुला माहीत आहे. कुठेतरी ऐकलेलं वाक्य उचलते आणि तिला हवं तिथे ठेवते. ‘ग्राहकांनी पावती दाखवावी’ म्हणजे भूक लागली. ‘आकाश अंशतः ढगाळ राहील’ म्हणजे मला थोडा वेळ एकटीला राहू द्या. तुझ्या वाक्याचा तिच्या भाषेत काय अर्थ आहे, मला अजून लागलेला नाही. ‘मामा कुठे आहे’ असा असेल. ‘मी काय केलं’ असाही असेल. मला ते ऐकवत नाही, दादा. काळीज तुटतं.

मी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘कागदावर मला एकच नाव लिहावं लागतं. बोलताना त्यांनी त्यांचा शब्द खुशाल वापरावा, पाकिटातनं तो काढून घ्यायला कोण जातंय? पण नाव एक झालं म्हणून माणसं सारखी झाली असं त्यांना वाटलं असेल, तर ते मी घाईत सांगितलं. त्यांना आणि तुमच्या मुलीला लागणारी मदत वेगळी आहे, ती वेगळीच राहणार.’ भली बाई आहे. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘आणि तुम्हाला?’ म्हटलं, मला काय? त्यांनी टेबलाकडे बोट केलं. बोलता बोलता मी त्यांची सगळी पेनं लांबीप्रमाणे ओळीनं लावून ठेवली होती. ‘मला लाँड्री आहे,’ म्हटलं आणि उठले.

तू ये. केक नाही, भाषण नाही, माफीसुद्धा नाही मागायची. नुसतं येऊन टोक धर.

धाकटी

९ मार्च

दादा,

अटी मान्य.

स्टेशनवर कुणी येणार नाही. पाठीवर कुणी थाप मारणार नाही. आई एकदाच ‘वाळलास’ म्हणेल, त्याहून जास्त नाही, हे मी तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे. एवढ्यासाठी तिच्याशी किती हुज्जत घालावी लागली, ते तू आल्यावर सांगेन. तू मागच्या दारानं यायचंस, तुझ्या खिळ्याला कोट अडकवायचास. त्या खिळ्यावर तुझ्या मेहुण्यांची टोपी असते, ती काढली आहे. त्या वेळी ड्रायर बंद ठेवू का, असं विचारणार होते, पण तूच लिहिलंस की नको, तो आवाज तुला आवडतो, माणसं गप्प असली की पुरे.

आणि हो, तुझ्या शेवटच्या वाक्यांत मी पकडले गेले. ‘व्हॉल्व्हची चूक खरी होती. शिडीची मुद्दाम केलेली होती. खोटं लिहिताना तुझं अक्षर सुधारतं.’ इतकं ओळखलंस, तरी दोन्ही बाजूंनी भरून उत्तर लिहिलंस. मग काय समजायचं मी?

शनिवारची वाट बघते. भिंगरीला सांगितलेलं नाही. सांगितलं आणि तुझी गाडी चुकली, तर तिला कुठल्या शब्दांत समजावू?

धाकटी

२६ मार्च

दादा,

तू लिहितोस, त्या दिवसातलं तुला चादरींचं सगळं आठवतं, बोलण्यातलं काहीच आठवत नाही, तेव्हा काय झालं ते क्रमानं लिहून पाठव. बरं. मी इस्त्रीच्या टेबलाशी होते, तिथून दिसलं तसं लिहिते.

तू मागच्या दारानं आलास. कोट अडकवलास, हात धुतलेस, नेहमीसारखे कोपरापर्यंत. आई जिन्यात उभी होती आणि तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला होता, ‘वाळलास’ बाहेर पडू नये म्हणून. भिंगरी टेबलाशी पहिली चादर धरून उभी होती. तुला बघून ती हसली नाही, फिरली नाही. तिनं फक्त टोकं थोडी वर केली.

तू पलीकडची टोकं धरलीस. ताणलीत, झटकलीत. इतके महिने मध्ये गेले, पण झटका एकदमच बसला, सप्पकन. मग ती टोकं चिमटीत घेऊन तुझ्यापर्यंत चालत आली आणि तिनं ती उभी धरली. तू हात पुढे केलास, तेवढ्यात ती म्हणाली, ‘मी तिच्यासारखा नाही.’

तुझे कान लाल झाले. माझ्या हातातली इस्त्री तशीच राहिली आणि एक अभ्रा जळाला, तो जळका वास तुला आठवत असेल. मला वाटलं, तू आता कोट घेऊन निघणार. आई दोन पायऱ्या खाली आली. आणि तू, दादा, व्हॉल्व्हच्या कार्डावर लिहिलं होतंस त्याच सुरात म्हणालास, ‘चूक.’

ती बघत राहिली. तुझ्या तोंडाकडे नाही, तुझ्या हातांकडे.

‘चूक,’ तू पुन्हा म्हणालास. ‘मी तुझ्यासारखा आहे.’ मग थोडं थांबलास, आणि तुला राहवलं नाही. ‘सगळ्या बाबतींत नाही.’

तिनं टोकं सोडली नाहीत. तू ती उचलून घेतलीस, बोटाला बोट न लावता, आणि ती खालच्या घडीसाठी वाकली. त्यानंतर व्हॅनचा हॉर्न वाजेपर्यंत तुमच्यात एकही शब्द झाला नाही. आई जिन्यातच बसून रडली, पण ते अटींत नव्हतं, म्हणून तुला सांगितलं नव्हतं. मीही रडले. सुखानं रडले, हे स्पष्ट लिहिते, नाहीतर तू विचारशील.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी येत जाईन, म्हणालास, तेवढं पुरे आहे. गोदाम सोडू नकोस. तुला ती जागा मानवली आहे. तुझ्या चेहऱ्यावर तजेला आलाय, आईला वाळलेला दिसला तरी.

तुझं ते प्लास्टिकमधलं कार्ड टेबलावर विसरलास, ते या पाकिटात घालते. मागच्या बाजूला नवं नाव पेननं लिहिलंस, तेही मी पाहिलं. पुढची बाजू आहे तशीच ठेवलीस ते फार बरं केलंस.

तू गेल्यापासून भिंगरी माझ्याबरोबर घड्या करते. तिच्या बाबांबरोबरही करते, पण त्यांना शिट्टी वाजवू देत नाही. आणि तुझी वाक्यं तिनं उचलली आहेत, सगळीच्या सगळी. बाबांना म्हणाली, ‘चूक. मी तुझ्यासारखा आहे. सगळ्या बाबतींत नाही.’ लॉजच्या मॅनेजरला म्हणाली. शिंपिणीला म्हणाली, ती घाबरून टेप विसरून गेली. आईला म्हणाली, तर आईनं विचारलं, ‘कुठल्या बाबतींत नाही गं?’ दोघींची तेव्हापासून त्यावर चर्चा चालू आहे. बॉयलरलाही म्हणाली. प्रत्येक वेळी मधे तेवढंच थांबते, जेवढं तू थांबला होतास.

काल संध्याकाळी काम आटोपल्यावर मी नेहमीसारखी चिमट्यांची टोपली घेऊन बसले होते. निळे एकीकडे, पांढरे एकीकडे, तुटक्या स्प्रिंगचे वेगळे. कुणी सांगितलेलं नाही, कुणाला त्याचा उपयोग नाही, पण ते केल्याशिवाय मला वर जाववत नाही. भिंगरी समोर येऊन उभी राहिली. माझ्या रांगांकडे बघितलं. मग म्हणाली, ‘चूक. मी तुझ्यासारखा आहे.’

मी थांबले, पुढचं वाक्य येईल म्हणून. नेहमीचं थांबणं संपलं, त्यानंतरही मी थांबले. ते आलंच नाही. ती निळ्या रांगेत चुकून पडलेला एक पांढरा चिमटा उचलून पांढऱ्यांत ठेवून गोल गोल फिरायला लागली.

तू म्हणशील, हा काही पुरावा नव्हे. मान्य. म्हणून मी डॉक्टरीणबाईंकडची गुरुवारची वेळ घेतली आहे, माझ्या नावानं. भीती वाटत नाही, उलट बरं वाटतंय, घरातल्या घरातच कुठेतरी जायला निघाल्यासारखं. तुझ्या मेहुण्यांना सांगितलंय. आईला एवढ्यात कळवू नकोस, ती केक आणेल.

तुझी धाकटी